हाडात भरायचं सिमेंट: सर जॉन चार्नली यांची गोष्ट आणि माझ्या आजीचा गुडघा

आज मोबाईल, ॲप, एआय यातलं काहीच नाही. आजचं तंत्रज्ञान माणसाच्या शरीरात बसवायचं आहे, आणि ते माझ्या घरात येऊन गेलंय.

मी निफाड तालुक्यातली. निफाड म्हटलं की जुन्या लोकांना न्यायमूर्ती रानड्यांचं जन्मगाव आठवतं, बाकीच्यांना द्राक्षं, कांदा आणि थंडीत बातम्यांमध्ये येणारा पारा. माझी आजी याच मातीतली. साठ वर्षं बागेत राबली, उकिडवं बसून कांदा काढला, शेवटी दोन्ही गुडघे गेले. उजवा जास्त. शहरात जाऊन गुडघा बदलला. पहिले काही आठवडे सगळं छान. मग टाक्यांच्या एका टोकाला ओल दिसायला लागली. रोज थोडं पाणी यायचं.

इथे आमच्याकडून मोठी चूक झाली. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन न करता आम्ही गावातल्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या. ताप गेला, ओल सुकली, आम्ही निश्चिंत. दुखणं मात्र आत तसंच राहिलं. दोन महिन्यांनी गुडघा लाल, गरम आणि टम्म. तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सुई टाकून सांध्यातलं पाणी काढलं, तपासायला पाठवलं आणि मग शांतपणे सांगितलं, की बसवलेला सांधा आता काढावा लागेल. त्या जागी काही आठवडे औषध मिसळलेल्या सिमेंटचा एक तात्पुरता सांधा राहील.

सिमेंट? हाडात? पप्पांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी फोनवर शोधायला लागले आणि एका माणसाच्या आयुष्यात शिरले. त्याचं नाव सर जॉन चार्नली. चला तर मग, त्याची गोष्ट सांगते. सिमेंट कसं काम करतं तेही त्यातच येईल.

औषधाच्या दुकानातला मुलगा

जॉन चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ चा, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या बरी या गावचा. लँकेशायर म्हणजे त्या काळचं कापडगिरण्यांचं आगार. वडिलांचं औषधाचं दुकान होतं, आईने नर्सिंगचं शिक्षण घेतलेलं. म्हणजे घरात औषधं आणि घराबाहेर यंत्रं. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे दोन्हींचा उपयोग होणार आहे.

मुलगा हुशार होता. मँचेस्टरला वैद्यकीय शिक्षण झालं, १९३५ मध्ये डॉक्टर झाला आणि १९३६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, शस्त्रक्रियेची मोठी पदवी मिळवली. १९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलात गेला. डंकर्कच्या माघारीत काम केलं आणि मग इजिप्तला नेमणूक झाली.

कैरोमध्ये त्याला एक वेगळीच शाळा मिळाली. तिथल्या लष्करी वर्कशॉपमधल्या इंजिनिअर लोकांसोबत बसून तो जखमी सैनिकांच्या पायांसाठी आधार आणि शस्त्रक्रियेची अवजारं बनवायला लागला. लेथवर हात बसला तो तिथेच. पुढे आयुष्यभर हा माणूस अर्धा सर्जन आणि अर्धा फिटर राहिला. घरीसुद्धा त्याने स्वतःचं वर्कशॉप थाटलं होतं.

स्वतःच्याच पायावर प्रयोग

युद्ध संपल्यावर चार्नली ऑस्वेस्ट्री इथल्या हाडांच्या नावाजलेल्या हॉस्पिटलात काम करत होते. एका जागचं हाड काढून दुसरीकडे लावलं तर ते कसं जगतं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी रुग्ण शोधला नाही. एका सहकारी डॉक्टरला गळ घातली आणि स्वतःच्याच नडगीवर हाडाचं कलम करून घेतलं.

आमच्याकडे द्राक्षाचं कलम जंगली खुंटावर बांधतात. नीट बांधलं नाही किंवा जखमेत बुरशी शिरली, की कलम मरतंच आणि खुंटालाही त्रास होतो. चार्नलींचं तसंच झालं. जखमेत जंतू शिरले, हाडापर्यंत संसर्ग गेला आणि पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

हा प्रसंग वाचला तेव्हा मी पलीकडच्या खाटेवर झोपलेल्या आजीकडे बघत होते. हाडात पू होणं म्हणजे काय, हे या माणसाला पुस्तकातून नाही, स्वतःच्या पायातून कळलं होतं. पुढे संसर्गाच्या मागे तो हात धुऊन का लागला, याचं सगळं उत्तर इथे आहे असं मी म्हणणार नाही. पण काही भाग इथे नक्की असावा.

कुरकुरणारा खुबा

१९४७ मध्ये चार्नली मँचेस्टरला सल्लागार सर्जन झाले. १९५० मध्ये मोडलेली हाडं चिरफाड न करता कशी बसवायची यावर त्यांनी पुस्तक लिहिलं आणि ते जगभर गाजलं. तिथेच थांबले असते तरी नाव राहिलं असतं.

पण त्यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याच्या खुब्यात फ्रान्समधल्या ज्युडे बंधूंच्या पद्धतीचा ॲक्रिलिक प्लास्टिकचा गोळा बसवलेला होता. तो माणूस पुढे वाकला की खुबा कुरकुरायचा. इतका, की जेवणाच्या टेबलावर बायकोला ते सहन व्हायचं नाही.

दुसरा डॉक्टर हसून सोडून देता. चार्नलींनी विचार केला, की आवाज येतोय म्हणजे घर्षण होतंय. घर्षण होतंय म्हणजे प्रत्येक पावलाला तो गोळा हाडातल्या आपल्या जागेवरून हलायला बघतोय. मग तो सैल होणारच! बैलगाडीचा कणा वंगणाशिवाय फिरवला तर चाक आणि कणा दोन्ही झिजतात, तसंच.

यातून त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. एक, सांधा कमीत कमी घासेल असा कसा करायचा? दोन, तो हाडात घट्ट कसा बसवायचा?

दातांच्या प्लास्टिकचं सिमेंट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दातांच्या विभागातून आलं. मँचेस्टर विद्यापीठात डेनिस स्मिथ हे दातांच्या साहित्याचे तज्ज्ञ होते. कवळी बनवायला जे ॲक्रिलिक वापरतात, त्याचा उष्णता न देता आपोआप कडक होणारा प्रकार वापरून बघा, असं त्यांनी सुचवलं. त्याचं रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. विमानाच्या खिडक्यांची आणि दुकानांवरच्या पाट्यांची पारदर्शक ॲक्रिलिक शीट असते ना, त्याच जातीतलं. १९५८ पासून चार्नली ते सांध्यासाठी वापरायला लागले आणि १९६० मध्ये त्यावर निबंध लिहिला.

सोप्या भाषेत ते असं चालतं:

एका पाकिटात पावडर असते, एका छोट्या कुपीत द्रव. ऑपरेशन टेबलाजवळच दोन्ही मिसळतात. आधी पातळ, मग कणकेसारखा गोळा होतो. तेवढ्यात तो हाडाच्या पोकळीत भरायचा आणि सांध्याचा धातूचा दांडा त्यात दाबून बसवायचा. दहा-पंधरा मिनिटांत दगड! कडक होताना ते चांगलंच तापतं. एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून त्यात बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियमची पावडर घातलेली असते.

आता एक गंमत. नाव सिमेंट असलं तरी ते फेव्हिकॉलसारखं चिकटत नाही. आमच्या बागेत द्राक्षाच्या मांडवाचा लोखंडी अँगल उभा करतात तेव्हा काय करतात? खड्डा घेतात, अँगल ठेवतात आणि भोवती काँक्रीट ओततात. काँक्रीट मातीच्या प्रत्येक खाचेत शिरतं आणि वेलीचा सगळा भार एका टोकावर न येता आजूबाजूच्या जमिनीत पसरतो. हाडातही हेच होतं. हाड आतून स्पंजसारखं असतं. सिमेंट त्याच्या छिद्रांत शिरतं आणि शरीराचं वजन सगळीकडे वाटून देतं. चार्नलींनी हे नेमकं ओळखलं, म्हणून आज ही पद्धत आहे.

तीनशे माणसं आणि एक चुकीचं प्लास्टिक

आता पहिला प्रश्न, कमी घर्षणाचा. चार्नलींनी निवड केली टेफ्लॉनची. हो, नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. जगात त्याच्याइतकं घसरडं घन साहित्य त्या वेळी क्वचितच दुसरं असेल. टेफ्लॉनची वाटी आणि स्टीलचा गोळा असा खुबा तयार झाला. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली माणसं उठून चालायला लागली. जवळपास ३०० जणांना हे सांधे बसले.

मग ती माणसं परत यायला लागली.

टेफ्लॉन घसरडं होतं, पण टिकाऊ नव्हतं. दोन-तीन वर्षांत स्टीलचा गोळा वाटी पोखरत आत जायचा. झिजून निघालेला भुगा आजूबाजूच्या मांसात साचायचा, शरीर त्याच्याशी भांडायचं आणि त्या भांडणात हाडच खाल्लं जायचं. चार्नलींना एकेका रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. ही जबाबदारी त्यांनी दुसऱ्यावर ढकलली नाही, स्वतःच निस्तरली.

टेफ्लॉन शरीरात नेमकं काय करतं, हे बघायला त्यांनी पुन्हा स्वतःचं शरीर वापरलं. मांडीत टेफ्लॉनचे तुकडे बसवून घेतले आणि सोबत तुलनेसाठी दुसऱ्या एका प्लास्टिकचा तुकडा. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला गाठी लागत होत्या. दुसऱ्या जागी काहीच नाही. ही माहिती त्यांनी १९६३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली. आपण जे ३०० जणांत बसवलं ते चुकीचं होतं, हे असं जगासमोर मांडायला काळीज लागतं.

यंत्रमागाचं चाक

ते दुसरं प्लास्टिक कुठून आलं? गोष्ट आहे १९६२ च्या मे महिन्यातली. एक विक्रेता हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये आला. त्याच्याकडे जास्त घनतेच्या पॉलिथिलीनचे तुकडे होते. हे साहित्य लँकेशायरच्या यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी विकलं जात होतं. आपल्या मालेगावात खडखडणारे माग बघितले असतील, तर अशा चाकाला दिवसभर किती घासावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे.

चार्नलींनी तुकडा हातात घेतला, नखाने दाबून बघितला आणि हे काही कामाचं नाही म्हणून बाजूला ठेवला. मोठी माणसंही अशी चुकतात. पण त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला आणि चार्नली परदेशी परिषदेला गेले असताना यंत्र चालू ठेवलं. परत येईपर्यंत आकडे तयार होते. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं, तितकंही हे प्लास्टिक तीन आठवड्यांत झिजलं नव्हतं.

चार्नलींनी आपलं मत तिथल्या तिथे बदललं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉलिथिलीनची वाटी रुग्णाला बसवली. लहान स्टीलचा गोळा, प्लास्टिकची वाटी आणि दोन्हींना हाडात धरून ठेवणारं ॲक्रिलिक सिमेंट. आजही जगात होणाऱ्या खुबा आणि गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी हीच तीन माणकं आहेत. आजीच्या गुडघ्यातसुद्धा धातू, प्लास्टिक आणि सिमेंटच होतं.

यावेळी त्यांनी घाई केली नाही. सांधे बनवणाऱ्या थॅकरे कंपनीला सांगून ठेवलं, की जे सर्जन आपल्याकडे येऊन शिकून गेलेत त्यांनाच माल द्यायचा. अनेक वर्षं हा नियम पाळला गेला. रुग्णांना ते आणखी एक गोष्ट मागायचे. तुम्ही गेल्यानंतर हा सांधा तपासायला आम्हाला परत द्या. कितीतरी रुग्णांनी आनंदाने होकार दिला.

हवेतला शत्रू

हे सगळं चालू होतं विगन शहराजवळच्या राइटिंग्टन हॉस्पिटलात. पूर्वीचं हे क्षयरोग्यांचं हॉस्पिटल. तिथे चार्नलींनी खुब्याचं केंद्र उभं केलं. सांधा जमला, सिमेंट जमलं, तरी एक गोष्ट त्यांची झोप उडवत होती. सुरुवातीच्या काळात शंभरातल्या सुमारे सात रुग्णांच्या सांध्यात पू होत होता.

आकडा छोटा वाटतो? ज्याच्या घरात त्या सातांतलं एक माणूस आहे, त्याला विचारा.

चार्नलींचा संशय हवेवर होता. ऑपरेशनच्या खोलीत जितकी माणसं, तितक्यांच्या त्वचेचे बारीक कण हवेत उडतात आणि त्यांच्यावर बसून जंतू उघड्या जखमेत उतरतात. कापडगिरण्यांसाठी हवेची यंत्रणा बनवणाऱ्या हॉवर्थ कंपनीला सोबत घेऊन त्यांनी ऑपरेशन टेबलाभोवती काचेचं घरच उभारलं. वरून गाळलेली स्वच्छ हवा सतत खाली येणार आणि घाण हवा बाहेर ढकलली जाणार. आपल्याकडच्या पॉलिहाऊससारखं म्हणा ना! पुढे सर्जनसाठी डोक्यापासून झाकणारे खास पोशाख आले. त्यांतून डॉक्टरचा श्वासही नळीने बाहेर ओढून घेतला जायचा. चित्रात ते अंतराळवीरांसारखे दिसतात.

साधारण दहा वर्षांत राइटिंग्टनचं संसर्गाचं प्रमाण सात टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलं.

सिमेंटमध्ये औषध कोणी घातलं?

आता आपण आजीच्या गुडघ्याजवळ आलोय. सिमेंट हाडात आणलं चार्नलींनी, पण त्यात अँटिबायोटिक मिसळायची कल्पना त्यांची नाही. ती जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे सर्जन हान्स-विल्हेल्म बुखहोल्झ यांची. त्यांच्याकडेही सांधे खराब होत होते. त्यांनी असा विचार केला, की सिमेंट नाहीतरी हाडाला लागूनच बसणार आहे, मग औषधाचा साठा तिथेच का ठेवू नये?

पण कोणतंही औषध चालणार नव्हतं. सिमेंट तापतं, म्हणून औषध उष्णतेत टिकायला हवं. ते पावडर रूपात हवं, पाण्यात विरघळणारं हवं, बऱ्याच जातींच्या जंतूंवर चालणारं हवं आणि ॲलर्जी कमी करणारं हवं. बुखहोल्झ यांच्या गटाने पेनिसिलिन आणि एरिथ्रोमायसिनही तपासून बघितलं. बाजी मारली जेंटामायसिनने. १९७० मध्ये त्यांनी एंगेलब्रेख्ट यांच्यासोबत हे काम प्रसिद्ध केलं.

जेंटामायसिन ऐकून आमच्या पप्पांचे कान टवकारले, कारण हे इंजेक्शन गोठ्यातल्या गायीलाही दिलेलं त्यांना आठवत होतं. त्याचंच एक भावंडं म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. डाळिंबाच्या तेल्या रोगावर फवारायची स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी कित्येक शेतकऱ्यांच्या घरात असायची, त्यात तेच असायचं. ती पुडी बनवायची पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. म्हणजे बघा, शेत, गोठा आणि ऑपरेशन थिएटर, तिन्हीकडे एकाच घराण्यातली औषधं वापरली गेली. म्हणूनच ती जपून वापरायची. आपण वाटेल तशी वापरली तर जंतू त्यांना सरावतात.

मग गोळ्यांनी का भागलं नाही?

आमच्या चुकीचं उत्तर इथे आहे. तुमच्याकडे ठिबक असेल तर नळीच्या आतला बुळबुळीत थर तुम्ही बघितलाच असेल. नुसतं पाणी सोडून तो जात नाही, म्हणून नळ्यांना ॲसिड किंवा क्लोरीनची प्रक्रिया करावी लागते. धातू आणि प्लास्टिकच्या सांध्यावर जंतू अगदी असाच थर बनवतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. थराच्या आत बसलेला जंतू सुस्त असतो आणि भोवती चिकट भिंत असते. रक्तातून येणारं औषध त्याच्यापर्यंत पुरेसं पोहोचत नाही. शिवाय धातूला रक्तपुरवठा नसतोच!

गोळीने काय होतं? थराबाहेर फिरणारे जंतू मरतात. ताप उतरतो, ओल सुकते, घरच्यांना वाटतं बरं झालं. आत मात्र थर वाढत राहतो. त्यात आणखी एक तोटा, आधी गोळ्या घेतलेल्या असतील तर तपासणीत जंतू पटकन सापडत नाहीत. मग नेमकं कोणतं औषध द्यायचं हे कळायला वेळ जातो. आजीच्या बाबतीत हे दोन्ही झालं.

संसर्ग अगदी ताजा असेल तर काही वेळा सांधा न काढता आत धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून काम होतं. आम्ही ती वेळ घालवली होती.

तात्पुरता सांधा कसा काम करतो?

आजीचं दोन टप्प्यांत झालं. पहिल्या ऑपरेशनमध्ये सगळा जुना सांधा, जुनं सिमेंट आणि खराब झालेला भाग काढला. मग ताज्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन आणि व्हॅन्कोमायसिन मिसळून गुडघ्याच्या आकाराचा ठोकळा बसवला. त्याला स्पेसर म्हणतात. तो दोन कामं करतो. हाडांमधली जागा धरून ठेवतो, म्हणजे पाय आखडून आखूड होत नाही. आणि भोवती औषध सोडत राहतो.

औषध सुटतं कसं? सिमेंटचा पृष्ठभाग आणि त्यातली बारीक छिद्रं यांच्यात शरीरातलं पाणी शिरतं आणि तिथलं औषध विरघळून बाहेर येतं. पहिल्या काही तासांत आणि दिवसांत भरपूर, नंतर हळूहळू कमी. बरंचसं औषध तर आतच अडकून राहतं, कधी बाहेर येतच नाही. पण सुरुवातीला सांध्याभोवती औषधाचं प्रमाण इतकं जास्त होतं, की तितकं रक्तातून द्यायचं म्हटलं तर मूत्रपिंड आणि कान धोक्यात येतील. फायदा हाच, की औषध पिकाच्या मुळाशी, सगळ्या वावरात नाही.

मग भरपूर औषध का घालू नये? कारण सिमेंट कमजोर होतं. वाळूत जास्त माती आली की स्लॅब भुसभुशीत होतो, तसं. कायमच्या सांध्यासाठी तयार मिळणाऱ्या ४० ग्रॅमच्या पाकिटात साधारण अर्धा ते एक ग्रॅमच अँटिबायोटिक असतं. स्पेसर तात्पुरता असतो, त्याला वर्षानुवर्षं वजन पेलायचं नसतं, म्हणून त्यात सर्जन कितीतरी जास्त मिसळू शकतात. तरीही रुग्णाच्या मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतंच.

आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सिमेंट स्वतःसुद्धा शरीरासाठी परकी वस्तू आहे. औषध संपल्यावर त्याच्यावरही जंतू थर धरू शकतात. म्हणून स्पेसर कायमचा ठेवायचा नसतो. हे सिमेंट जादू नाही. खराब भाग नीट काढणं, जंतू ओळखणं, सलाईनमधून आणि नंतर गोळ्यांतून योग्य औषध देणं, हे सगळं जमलं तर ते साथ देतं.

बुखहोल्झ यांनी १९८१ मध्ये ५८३ रुग्णांचा हिशेब मांडला. त्यांची पद्धत आजीच्या पद्धतीहून वेगळी होती. एकाच ऑपरेशनमध्ये जुना खुबा काढून औषधी सिमेंटने नवा बसवायचा. ७७ टक्के रुग्णांत ती यशस्वी झाली. म्हणजे जवळपास चारातले तीन. उरलेल्या एकाचं काय, हा प्रश्न त्या आकड्यातच आहे आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही.

चार्नलींचा शेवटचा उन्हाळा

चार्नली स्वतः सिमेंटमध्ये औषध घालण्याबाबत फारसे उत्साही नव्हते. जंतू आधी आत येऊच द्यायचे नाहीत, यावर त्यांचा भर होता. काही लोकांना त्यांचं हवेचं वेड अतिरेकी वाटायचं. हवेमुळेच फरक पडला कशावरून, इतर काळजीही वाढलीच की, असा तो वाद होता.

मानसन्मान खूप मिळाले. १९७४ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि १९७७ मध्ये सर ही पदवी. पण हवेचा वाद मिटायला १९८२ उजाडावं लागलं. त्या वर्षी ३ जुलैला एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. १९ हॉस्पिटलं, खुबा आणि गुडघ्याच्या ८,००० हून जास्त शस्त्रक्रिया. अतिस्वच्छ हवेत केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये खोल संसर्ग निम्म्यावर आला होता. त्याच पाहणीतून अँटिबायोटिकचाही वेगळा फायदा दिसत होता.

म्हणजे हवा की औषध हा वादच नव्हता. दोन्ही हवं होतं.

जेमतेम महिन्याभरात, ५ ऑगस्ट १९८२ ला, सर जॉन चार्नली गेले. सत्तर वर्षांचे होते.

आजीचं पुढे काय झालं?

स्पेसर काही आठवडे राहिला. तो काळ वाईट होता. आजी वॉकर धरून मोरीपर्यंत जायची आणि परत येऊन पडून राहायची. रक्ताच्या तपासण्या हळूहळू नीट यायला लागल्या. तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन झालं, स्पेसर काढून नवा सांधा बसला, तोही औषधी सिमेंट लावूनच.

आज ती काठी घेऊन बागेच्या बांधापर्यंत जाते. गुडघा पूर्वीइतका वाकत नाही आणि खाली मांडी घालून बसणं बंद झालंय. हळदी-कुंकवाला सगळ्या बायका सतरंजीवर आणि आजी खुर्चीत, याचं तिला वाईट वाटतं. पण पाय वाचला. तिला मी चार्नलींचं सांगितलं, तर पहिला प्रश्न आला की त्या बिचाऱ्याची नडगी नंतर बरी झाली का. झाली म्हटलं आजी, झाली. चांगला चालता-फिरता झाला तो.

तुमच्या घरात कुणाचा सांधा बदलणार असेल किंवा बदललेला असेल, तर एवढं करा:

ऑपरेशनआधी दातातला पू, लघवीचा संसर्ग, पायाच्या जखमा आणि शुगर यांबद्दल डॉक्टरांना सगळं सांगा. काही लपवू नका.

जखमेतून काही दिवसांनंतरही पाणी येत असेल, गुडघा लाल, गरम झाला असेल किंवा कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं असेल, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच आधी दाखवा. फोटो काढून पाठवणं ठीक, पण तेवढ्यावर थांबू नका.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. ताप उतरेल, आजार लपेल.

सांधा बदलल्याचं कार्ड आणि कागद जपून ठेवा, फोनमध्ये फोटोही ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना ते लागू शकतं.

आम्ही दोन महिने वाया घालवले. तुम्ही घालवू नका. लेख आवडला तर ज्यांच्या घरी गुडघे दुखणारी आजी-आजोबा आहेत, त्यांना नक्की पाठवा. पुढच्या लेखात भेटूच!